पुढच्या डॉक्टरला वाचता येईल अशी नोंद

रुग्णाच्या आजाराची नोंद दोन कारणांसाठी ठेवतात. तपासणाऱ्या डॉक्टरला पुढच्या भेटीत मागचे आठवावे, हे एक. आणि रुग्ण दुसऱ्या डॉक्टरकडे गेला तर त्यालाही सगळे कळावे, हे दुसरे. पहिल्या कामाला दवाखान्याच्या कपाटातले कार्ड पुरते. दुसऱ्या कामात कागद वारंवार तोकडा पडतो, कारण तो एका वेळी एकाच जागी असतो आणि बहुधा नको त्या जागी असतो. इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय नोंद, म्हणजे ज्याला रुग्णालयांत सर्रास 'ईएमआर' म्हणतात, तिची खरी गरज या दुसऱ्या कामासाठी आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात ही गरज जास्त जाणवते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास होती. त्यानंतर घोडबंदर रस्त्यापासून टिटवाळ्यापर्यंत किती इमारती उभ्या राहिल्या ते डोळ्यांना दिसतेच. इथला रुग्ण एका छताखाली बरा होत नाही. ताप आला की गल्लीतले फॅमिली डॉक्टर, रक्ताची तपासणी स्टेशनजवळच्या लॅबमध्ये, सोनोग्राफी तिसरीकडे, दाखल व्हायची वेळ आली तर दहा-पंधरा खाटांचे नर्सिंग होम. खर्च झेपत नसेल तर डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई ही पालिकेची रुग्णालये. प्रकरण गंभीर झाले की तिथून कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि तिथेही भागले नाही तर मुंबईचे शीव किंवा केईएम रुग्णालय. ठाणे महापालिकेच्या, ५०० खाटांच्या कळवा रुग्णालयात मुंब्रा-दिव्यापासून भिवंडी, शहापूर, मुरबाडपर्यंतचे रुग्ण येतात. या प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर निघतो आणि आधीचा सारा इतिहास नातेवाइकाच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवी घरी राहिली की इतिहासही घरीच राहिला.

'आमचे रुग्णालय पूर्ण संगणकीकृत आहे' या वाक्याचे अर्थ मात्र तीन होतात आणि ते वेगळे ओळखणे बरे. पहिला प्रकार रुग्णालय व्यवस्थापनाचा : नोंदणी, बिल, खाटा, औषधसाठा. दुसरा ईएमआरचा : तक्रारी, तपासणी, निदान, दिलेली औषधे, ॲलर्जी, परिचारिकांच्या नोंदी, हे सगळे संगणकात, पण त्या रुग्णालयाच्या भिंतींच्या आतच. तिसरा प्रकार असा की तीच नोंद रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या ठिकाणी उघडता येते. बाजारात सर्वाधिक खपतो तो पहिला प्रकार, कारण त्याचा पैसा लगेच वसूल होतो. बिल छापील आणि निदान मात्र हातानेच लिहिलेले, असे दृश्य लहान रुग्णालयांत नवे नाही.

नोंद रुग्णामागे फिरावी ही कल्पना संगणकाच्या फार आधीची आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ मध्ये प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि एकच फाइल ही पद्धत सुरू केली; त्याआधी प्रत्येक डॉक्टरची वही वेगळी असे. १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी नोंद रुग्णाच्या समस्यांनुसार लावावी, असे मांडले : मधुमेह ही एक समस्या, गुडघेदुखी ही दुसरी, आणि प्रत्येकीखाली काय आढळले, काय ठरवले ते. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा सांगाडा या दोन कल्पनांवरच उभा आहे.

भारतात या विषयाला कायद्याने हळूहळू हात घातला. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आणि केसपेपर हा एकाएकी पुरावा झाला. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना केसपेपरच्या प्रती नाकारता येणार नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे बंधनकारक केले. त्याच नियमावलीत, नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही एक वाक्य आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या नव्या नियमावलीत तीन वर्षांत नोंदी पूर्ण डिजिटल करण्याची अट होती. पण ती नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली आणि डॉक्टर पुन्हा २००२ च्या 'प्रयत्न करावा' पाशी आले.

कल्याण-डोंबिवलीला संगणकाचे वावडे कधीच नव्हते. या महापालिकेने नव्या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी सुविधा केंद्र आणि ई-गव्हर्नन्स उभे केले. मालमत्ता कर, पाणीबिल, जन्म-मृत्यूचे दाखले संगणकावर आणले, आणि पुढे राज्यातल्या इतर पालिकांसाठी हाच नमुना घेतला गेला. पण करआकारणी आणि आजार यांत फरक आहे. घराचा कर वर्षातून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रकान्यांत भरला जातो. पोटदुखीला ठरलेले रकाने नसतात. ज्या कौशल्याने कराची खिडकी सुधारते त्याच कौशल्याने वॉर्ड सुधारेल, हा समज राज्यभर अनेक योजनांना नडला आहे.

आरोग्यसेवेत संगणक शिरला तो पैशाच्या आणि मोजणीच्या वाटेने. कामगार राज्य विमा महामंडळाने 'पंचदीप' प्रकल्पात विमाधारक कामगारांना 'पहचान' कार्डे दिली. वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी, उल्हासनगर इथल्या कामगारांना ती परिचयाची आहेत. रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'उमीद' हे वैद्यकीय ओळखपत्र काढले आणि रेलटेलमार्फत रुग्णालयांसाठी एक सामाईक प्रणाली उभी केली. कल्याणचे रेल्वे रुग्णालय आणि भायखळ्याचे मोठे रेल्वे रुग्णालय यांच्यात रुग्णाची ये-जा नेहमीची असल्याने इथे त्या कल्पनेला अर्थ आहे : मालक एक, लाभार्थी ठरलेले, रुग्णालये आपलीच. एकत्रित नोंदीसाठी याहून सोपी परिस्थिती दुसरी नाही. खासगी रुग्णालयांना ऑनलाइन कामाची सवय लावली ती मात्र राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये ठाण्यासह उरलेल्या महाराष्ट्रात आली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. शस्त्रक्रियेआधी मंजुरी ऑनलाइन, अहवाल आणि फोटो अपलोड, दाराशी रुग्णांच्या मदतीला आरोग्यमित्र. यात कागद स्कॅन होऊन वर जातो. तो दावा मंजूर करणाऱ्याला दिसतो, रुग्णाच्या पुढच्या डॉक्टरला नाही.

मग कोविड आला. कल्याण-डोंबिवलीत पालिकेने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन 'डॉक्टर आर्मी' उभी केली, ताप दवाखाने चालवले. स्मार्ट सिटी स्पर्धेत २०२० च्या कोविड नवोपक्रमाचा पुरस्कार या शहराला वाराणसीसह मिळाला. त्या काळात चाचणीचा निकाल, खाटांची उपलब्धता, लसीचे प्रमाणपत्र असे सगळे मोबाइलवर यायची लोकांना सवय झाली. जानेवारी २०२१ मध्ये सुरू झालेल्या कोविन पोर्टलने एक गोष्ट सामान्य माणसाला पटवून दिली : डोंबिवलीत घेतलेल्या लसीची नोंद नागपुरातही उघडते. मधुमेहाच्या गोळ्यांची का उघडू नये, हा पुढचा प्रश्न आपसूक आला.

त्याचे उत्तर तांत्रिक आहे, पण समजायला कठीण नाही. लसीच्या नोंदीत चार-पाच रकाने असतात. आजाराच्या नोंदीत शेकडो, आणि प्रत्येक डॉक्टर तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत लिहितो. एकाने 'बीपी' लिहावे, दुसऱ्याने 'हायपरटेन्शन', तिसऱ्याने 'एचटीएन'. माणसाला तिन्ही एक आहेत, संगणकाला तीन. म्हणून प्रत्येक संज्ञेला ठरलेला संकेतांक लागतो. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये सुधारली. त्यांत वैद्यकीय संज्ञांसाठी 'स्नोमेड सीटी' हा आंतरराष्ट्रीय कोश स्वीकारला आहे. २०१४ पासून भारत त्या कोशाचा सदस्य देश असल्याने इथल्या सॉफ्टवेअरवाल्यांना तो फुकट वापरता येतो, आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. नोंदींची देवघेव कोणत्या साच्यात करायची, त्यासाठी 'फायर' नावाचे वेगळे मानक आहे. हे पाळले नाही तर अहवालाची पीडीएफ इकडून तिकडे जाते, पण ती फक्त वाचता येते. गेल्या तीन वर्षांत साखर कशी चढली याचा आलेख तिच्यातून आपोआप निघत नाही. अर्थात चुरगळलेल्या कागदापेक्षा पीडीएफही बरी.

या मानकांवर केंद्राचे आयुष्मान भारत डिजिटल मिशन उभे आहे. १५ ऑगस्ट २०२० ला त्याची घोषणा झाली आणि सहा केंद्रशासित प्रदेशांतल्या प्रयोगानंतर २७ सप्टेंबर २०२१ ला ते देशभर लागू झाले. यात प्रत्येकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. त्याबद्दलचा मोठा गैरसमज असा, की सगळ्यांचे आजार दिल्लीतल्या एका संगणकात जमा होतात. रचना तशी नाही. नोंद जिथे तयार झाली त्या रुग्णालयात किंवा लॅबमध्येच राहते. आभा क्रमांकामुळे ती कुठे आहे एवढे कळते. नव्या डॉक्टरला ती हवी असेल तर तो विनंती पाठवतो, रुग्ण मोबाइलवर कोणत्या नोंदी, कोणत्या कारणासाठी, किती दिवसांसाठी हे पाहून संमती देतो, आणि दिलेली संमती मागेही घेऊ शकतो. डॉक्टर आणि दवाखाने यांच्या स्वतंत्र राष्ट्रीय नोंदवह्या आहेत. रुग्णालये, लॅब आणि सॉफ्टवेअर कंपन्या यांनी नोंदी जोडाव्यात म्हणून जानेवारी २०२३ मध्ये प्रोत्साहन रक्कमही सुरू झाली.

प्रत्यक्षात लोकांना आभा भेटते ती बहुधा ओपीडीच्या रांगेत. खिडकीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, वय, पत्ता थेट नोंदणीत जातो आणि टोकन मिळते. रांग आखूड होते, हे खरे आणि मोलाचे. पण इथवर गेलेली माहिती फक्त नाव-गावाची आहे. आभा किती निघाल्या यापेक्षा किती आभांना खरीखुरी नोंद जोडली गेली आणि त्यांतल्या किती दुसऱ्या डॉक्टरने उघडल्या, हा आकडा विचारायला हवा. पहिला मोठा असतो म्हणून तोच जाहिरातीत येतो.

ओळख पटवण्याचाच प्रश्न महाराष्ट्रात जरा गुंतागुंतीचा आहे. बाईचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव वेगळे. मधले नाव आधी वडिलांचे, मग नवऱ्याचे. आडनाव बदललेले, काही घरांत पहिले नावही. बाळंतपणाची नोंद एका नावाने आणि त्याआधीच्या थायरॉइडची दुसऱ्याच. एकच नाव रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिले जाते. जन्मतारीख १ जून असलेल्यांची संख्या एका पिढीत संशयास्पद वाटावी इतकी मोठी आहे; शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख. घरातल्या पाचही जणांचा मोबाइल नंबर एकच. अशा स्थितीत संगणक एकाच माणसाच्या तीन फायली करतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दोन माणसांची एक. एकाची पेनिसिलिनची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर गेली तर कागदापेक्षा जास्त नुकसान होते, कारण छापील माहितीवर कोणी शंका घेत नाही. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्या लिपिकाचे प्रशिक्षण हे या साऱ्या व्यवस्थेतले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

डॉक्टरांचा विरोध केवळ सवयीचा नसतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात पन्नास-साठ रुग्ण बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरला एका रुग्णामागे तीन-साडेतीन मिनिटे मिळतात. त्यातली दोन कीबोर्डवर गेली तर तपासायला काय उरले? अमेरिकेने २००९ च्या कायद्याने अब्जावधी डॉलर ओतून ही व्यवस्था आणली. २०१५ पर्यंत तिथल्या ९६ टक्के रुग्णालयांकडे प्रमाणित प्रणाली होती. आणि २०१६ मधल्या एका अभ्यासात आढळले, की रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरचे जवळपास दोन तास संगणक आणि कागदपत्रांत जातात. तिथे नोंद बरीचशी विमा कंपनीसाठी लिहिली जाते, हे त्याचे एक कारण. ठाण्या-कल्याणच्या डॉक्टरला ते ओझे अजून तेवढे नाही, पण कॅशलेस दाव्यांची चव त्यानेही घेतली आहे.

हा वेळ वाचवायचे मार्ग आहेत. नेहमीच्या आजारांचे साचे आधी तयार ठेवणे, मागचे प्रिस्क्रिप्शन एका बटणावर पुन्हा काढणे, वजन-रक्तदाब मदतनिसाने बाहेरच भरणे, लॅबचा अहवाल थेट येणे. जुनाट आजारांच्या रुग्णांत कागदापेक्षा संगणक इथेच भरभर चालू लागतो. पहिल्या भेटीला तो नेहमी हळू असतो, आणि विकत घेणाऱ्याला विक्रेता हे सांगत नाही.

सुरक्षिततेचा फायदा सिद्ध झालेला आहे, तोटाही. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात औषधांच्या सूचना संगणकावर देऊ लागल्यावर औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. अक्षर न कळल्याने होणारे घोटाळे थांबतात, दोन औषधे एकमेकांशी भांडत असतील तर इशारा मिळतो. पण पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात अशीच प्रणाली घाईने बसवल्यानंतर बाहेरून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर २.८० वरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये नोंदले गेले. रुग्ण दारात पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत औषधाची सूचनाच देता येत नव्हती. आधी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर तयारी सुरू करीत. कळव्याच्या किंवा कुठल्याही तातडीच्या विभागात संगणक बसवताना हा धडा आधी वाचावा : नाव-पत्ता नसलेल्या, बेशुद्ध रुग्णावरही उपचार सुरू करता आले पाहिजेत, नोंदणी मागाहून.

सरकारी व्यवस्थेत वेगळीच अडचण आहे. माता-बालकांसाठी एक पोर्टल, क्षयरोगासाठी 'निक्षय', साथरोगांसाठी तिसरे, लसीकरणासाठी चौथे. नागरी आरोग्य केंद्रातली परिचारिका तीच गर्भवती वहीत लिहिते, रजिस्टरमध्ये लिहिते आणि पोर्टलवर भरते. यातले बहुतेक वरच्या कार्यालयाला आकडे देण्यासाठी. त्या बाईच्या पुढच्या तपासणीत त्यातले काय उपयोगी पडते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एकदा भरलेली माहिती पुन्हा भरायला लागू नये, एवढी एक सुधारणा झाली तरी परिचारिकांचा अर्धा विरोध मावळेल.

प्रणाली बंद पडण्याचीही तयारी लागते. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाची मोठी रुग्णालये वर्षानुवर्षे ज्या खासगी प्रणालीवर चालत होती ती २०२२ मध्ये बंद झाली, आणि मुंबईच्या जे. जे. सारख्या रुग्णालयात पुन्हा हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथले काम कागदावर चालले. डोंबिवलीच्या नर्सिंग होमला हल्लेखोराची भीती कमी वाटते, पण देखभालीसाठी वीज जाते, राउटर बंद पडतो, विक्रेता कंपनी गुंडाळतो. म्हणून करार करतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्या लागतात : रुग्णांची सगळी माहिती प्रमाणित साच्यात परत मिळेल, रोजची प्रत दुसऱ्या जागी राहील, आणि इंटरनेट नसताना निदान नोंदणी व औषधे चालू राहतील. कागद सुरक्षित असतो असेही नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणच्या सखल भागांत पाणी शिरले तेव्हा तळमजल्यांवरच्या कागदांचे काय झाले ते तिथल्या रहिवाशांना ठाऊक आहे.

गोपनीयतेचा कायदा २०२३ मध्ये आला : डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम. माहिती फुटली तर जबाबदारी ती सांभाळणाऱ्यावर येते. कायदा कितीही कडक असला तरी एकच पासवर्ड सगळ्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असणे आणि तो मॉनिटरवर चिठ्ठीने चिकटवलेला असणे, ही सवय त्याच्या आवाक्याबाहेर आहे. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांच्या नोंदी रिसेप्शनवरून दिसू नयेत म्हणून कोणाला काय उघडता येईल, हे भूमिकेनुसार ठरवावे लागते. शिवाय फाइल कोणी, कधी उघडली याची खूण राहते. कागदाने ही सोय कधीच दिली नव्हती. नोंद मागाहून बदलल्याचा आरोप झाला तर ही खूण डॉक्टरलाही वाचवते.

प्रत्यक्ष बदल करताना लहान रुग्णालयांना जमलेला क्रम साधारण असा आहे. आधी डिस्चार्ज कार्ड संगणकावर, कारण रुग्णासोबत बाहेर जाणारा कागद तोच. मग औषधांच्या सूचना आणि लॅबचे अहवाल. वॉर्डातल्या परिचारिकांच्या नोंदी सर्वांत शेवटी, कारण त्या सर्वांत जास्त आणि दर तासाच्या. कागद आणि संगणक दोन्ही काही आठवडे चालतात; ते महिनोन्महिने चालले तर कर्मचारी संगणकाला कारकुनी समजू लागतात आणि खरी नोंद कागदावरच राहते. जुन्या फायली सरसकट स्कॅन करण्याचा मोह महागात पडतो, कारण त्या पुन्हा कोणी उघडत नाही. त्याऐवजी जुना रुग्ण पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याचे चालू आजार, चालू औषधे, ॲलर्जी आणि झालेल्या शस्त्रक्रिया एवढे भरले, की वर्षभरात नियमित येणाऱ्या बहुतेकांची उपयोगी नोंद तयार होते आणि कपाटातल्या बाकीच्या फायली नियमाप्रमाणे तीन वर्षे ठेवून निकालात काढता येतात.